समोरचा माग

आयर्लंडमधल्या बॅलिनदाऱ्यात म्हातारं माणूस घरात आवरेनासं झालं की लोक म्हणतात, “चला, यांचाही नंबर लागला बेकन फॅक्टरीत.” यात थट्टा आहे, पण खोटं काही नाही. गावचा वृद्धाश्रम उभा आहे तो डुकरांच्या कारखान्याच्याच जागेवर. जिथून पूर्वी आठवड्याला सहाशे डुकरं खारवून इंग्लंडला रवाना व्हायची, तिथे आता बेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या खिडकीशी बसून चहा पितात. गावात एवढा एकच उद्योग उरला आहे, आणि त्याला कच्चा माल कधी कमी पडायचा नाही.

बाकीचे सगळे गेले. चामडी कमावायचा कारखाना गेला, तिथे आता मोटारी उभ्या राहतात. खिळे घडवणारी तीन घराणी होती. त्यातलं एकही आडनाव आज गावात नाही. दूध घालायची क्रीमरी होती, पहाटेपासून गाढवगाड्यांची रांग लागायची. तिथे आता बायका केस रंगवून घेतात. आणि ब्लँकेटची गिरणी, जिच्यावर अर्धं गाव जगलं, तिचं तर छप्परही राहिलं नाही. आत झाडं वाढलीत, धुराड्यावर कावळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटलेत. पाहुण्यांना गाव दाखवताना लोक त्या रस्त्याने नेत नाहीत.

डेलिया हॅनिफी त्या गिरणीत बारा वर्षं मागावर होती. आता तिचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, आणि कान तर गिरणीनेच तिशीच्या आत खाल्ले. तरी गेले पाच आठवडे ती रोज दुपारी दोनला, पाऊस असो नसो, छत्री घेऊन चढ चढत होती आणि बेकन फॅक्टरीत जात होती. तिथे अकरा नंबरच्या खोलीत अ‍ॅट्रॅक्टा कॉस्टेलो पडून होती. बापाने नाव ठेवलं ते संतिणीचं, पण एवढं लांबलचक नाव मागाच्या खडखडाटात घ्यायला सवड कुणाला? गिरणीने तिची अ‍ॅटी केली ती कायमची, आणि कान तिचेही खाल्ले.

अ‍ॅटीला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आवाज तर पुरताच गेला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं की पेशंटला आता बोलता येत नाही. डेलियाला मनातल्या मनात हसू आलं होतं. अ‍ॅटीला बोलायला आवाज कधी लागला होता?

पण ती रोज चढ चढत होती ते निव्वळ गप्पा मारायला नव्हे. तिला अ‍ॅटीला एक गोष्ट सांगायची होती. बावन्न वर्षांपूर्वीचं पाप होतं. चर्चच्या कबुलीच्या खोक्यात ते तीन वेगवेगळ्या पाद्र्यांना सांगून झालं होतं, आणि प्रत्येकाने चार प्रार्थना म्हणायला लावून तिला मोकळं केलं होतं. देवाने केलीच असेल माफी. देवाचं त्यात गेलं काय होतं? जिचं गेलं, तिच्यापुढे मात्र तोंड उघडायचं डेलियाचं धाडस झालं नव्हतं.

हे पाप कळायचं तर गिरणीतलं बोलणं कळायला हवं. एका छपराखाली चाळीस माग, आणि प्रत्येक मागाचा धोटा दणके देत इकडून तिकडे धावतोय. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू यायची सोय नव्हती. म्हणून बायका आवाजाच्या भानगडीत पडतच नसत. नुसते ओठ हलवायचे, जरा ठसठशीत, आणि समोरचीने ते बघायचे. चौदाव्या वर्षी पोरगी कामाला लागली की महिन्याभरात ओठ वाचायला शिकायची, आणि वर्षभरात अशी तरबेज व्हायची की पुलाच्या पलीकडे कोण कुणाला काय म्हणालं ते अलीकडून सांगायची. गावाने याची धास्तीच घेतली होती. प्रेमात पडलेली जोडपी नदीकडे तोंड करून बोलत. बँकेच्या मॅनेजरने काचेला पडदे लावून घेतले. म्हातारे फादर हेनेघन वेदीकडे तोंड करून उभे राहत ते एक बरंच होतं, कारण पाठीमागच्या दोन रांगांत त्यांचीच बिनआवाजी चिरफाड चाललेली असे.

या बोलीचे कायदे होते आणि ते कडक होते. बोलणारीच्या तोंडावरून नजर काढायची नाही. काढली की बोलणं तुटलं. धोटा बदलायला किंवा तुटलेला धागा जोडायला खाली वाकायचं झालं, तर आधी एक बोट वर करायचं, म्हणजे समोरची थांबायची. बोट वर न करता मान फिरवली, तर त्याचा अर्थ लहान पोरीलाही कळायचा: तुझं बोलणं पोचलं, आणि ते मला नको आहे. आणि भांडण अगदीच विकोपाला गेलं तर डोळे मिटायचे. गिरणीत याहून मोठी शिवी नव्हती. तोंडावर दार आपटलं तर ते निदान पुन्हा ठोठावता येतं.

आणखी एक प्रकार होता, पण तो सगळ्यांना जमत नसे आणि सगळ्यांशी करायचाही नसे. हिवाळ्यात वादळवारा सुटला की गावाची वीज जायची. माग मात्र नदीच्या पाण्यावर चालायचे, त्यांना दिव्याशी कर्तव्य नव्हतं. मध्येच माग थांबवला तर ब्लँकेटवर आडवी रेघ उमटते, ती सात वेळा धुतली तरी जात नाही. म्हणून मुकादम कंदील घेऊन येईपर्यंत बायका काळोखात मागाशी तशाच उभ्या राहत. अशा वेळी हात लांब करून समोरचीच्या ओठांवर दोन बोटं ठेवायची आणि बोटांनी ऐकायचं. डेलिया आणि अ‍ॅटी तसं ऐकत. दोघींचे माग समोरासमोर होते, मध्ये चार फुटांची गल्ली. मान वळवली की दुसरीचा चेहरा. बारा वर्षं डेलियाने दिवसाचे नऊ तास तो चेहरा पाहिला. पुढे लग्नाच्या नवऱ्याचाही इतका पाहिला नाही.

एकसष्ट सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मॅनेजर लॉडरसाहेबांची कचेरी म्हणजे गिरणीच्या टोकाला काचेची खोली होती. माणूस हुशार, महत्त्वाचं बोलायचं असलं की बायकांकडे पाठ करून बोलायचा. पण त्या मंगळवारी टेलिफोनची तार कशात तरी अडकली आणि त्याला इकडे तोंड करून उभं राहावं लागलं. अ‍ॅटीची त्या बाजूला पाठ होती. डेलियाची नव्हती. “मार्चपर्यंत,” लॉडर फोनमध्ये म्हणत होता. “मार्चनंतर कुलूप. छे, बायकांना आत्ताच सांगायचं नाही.”

डेलिया ते पोटात घालून दोन दिवस हिंडली. गुरुवारी अ‍ॅटीने गल्लीतून तिला विचारलं, “ऑनोराचं पत्र आलंय. तिच्या गिरणीत जागा आहे, नाताळाआधी ये म्हणते. काय करू गं? जाऊ?” ऑनोरा म्हणजे अ‍ॅटीची थोरली बहीण, तिकडे इंग्लंडात, यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरणीत होती.

डेलियाने एवढंच सांगायचं होतं की बाई, इथे कुलूप लागणार आहे. अ‍ॅटी शनिवारच्या बोटीने गेली असती. आणि नेमकं तेच डेलियाला नको होतं. समोरच्या मागावर दुसरंच कुणीतरी उभं आहे, हे चित्र तिला नुसतं डोळ्यांपुढेही आणवेना.

“नको जाऊस,” ती म्हणाली. “इथे काय वाईट चाललंय?”

आणि चेहऱ्यावरचं खोटं पकडलं जाऊ नये म्हणून ती झटकन धोट्याकडे वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. मान वर केली तेव्हा अ‍ॅटी आपल्या धाग्यांकडे बघत होती, आणि त्या विषयावर त्यानंतर एक अक्षर निघालं नाही.

मार्चमध्ये कुलूप लागलं. चाळीसच्या चाळीस बायकांनी एकदम इंग्लंडला पत्रं धाडली, तोवर ऑनोराच्या गिरणीतली जागा भरून गेली होती. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅटीची आई अंथरुणाला खिळली ती अकरा वर्षं. ती गेली तेव्हा अ‍ॅटी चाळिशीला टेकली होती. मग ती मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलात खोल्या आवरायला लागली, आणि हॉटेलने तिला वरच्या मजल्यावरची एक खोली राहायला दिली. डेलियाने क्रीमरीतल्या मार्टिन हॅनिफीशी लग्न केलं, तीन मुलं झाली. एक सिडनीला गेलं, दोन टोरांटोला. मार्टिन गेला, क्रीमरी गेली, हॉटेलसुद्धा गेलं, वरची खोली तेवढी अ‍ॅटीकडे राहिली. उरल्या त्या दोघी.

डेलियाच्या झोपायच्या खोलीची खिडकी हॉटेलच्या वरच्या खिडकीसमोरच होती. रोज सकाळी दहाला दोघी हातात फडकं घेऊन आपापल्या काचेशी उभ्या राहत आणि रस्त्यावरून बोलत. खालून जाणाऱ्यांना वाटायचं, काय या बायकांना स्वच्छतेचं वेड! गावातल्या सगळ्यांत लखलखीत काचा त्या दोन, चाळीस वर्षं.

फक्त एक फरक पडला होता. अ‍ॅटी सगळं सांगायची. हॉटेलात कोण कुणाबरोबर उतरलंय, पाद्रीबाबांचा नवा दातांचा सेट कसा निसटला, सगळं. पण ‘काय करू गं?’ असं तिने डेलियाला पुन्हा कधी विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. डेलिया समजून होती. एकदा माझ्या सल्ल्याने पोळली, आता कशाला विचारेल? तो न विचारलेला प्रश्न तिला पन्नास वर्षं बोचत राहिला.

अ‍ॅटी वृद्धाश्रमात आली त्याच्या सहाव्या आठवड्यातला सोमवार. डेलिया खोलीत शिरली तर मारिसेल अ‍ॅटीची उशी सारखी करत होती. मारिसेल फिलिपिन्सची, पंचेचाळिशीची, गावात दहा वर्षं झालेली नर्स. डेलियाशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलावं लागतं, हे तिला सांगावं लागलं नव्हतं.

“सकाळपासून काहीतरी पुटपुटतायत, डेलियाबाई. मला मेलीला एक अक्षर कळत नाही. दुखतंय का विचारा ना.”

अ‍ॅटीचे अर्धेच ओठ हलत होते. पण मागावर माणसाचा अर्धाच चेहरा दिसायची सवय असते. डेलियाला तेवढं पुरे होतं.

“दुखत नाहीये,” डेलिया म्हणाली. “ती म्हणते, ही बाई चहात दूध घालत नाही, दुधाला लांबून चहा दाखवते.”

मारिसेल खळखळून हसली. “अस्सं! पाच आठवडे मी समजतेय बिचारी प्रार्थना म्हणतेय, आणि ही माझी उणीदुणी काढतेय!”

“प्रार्थना? हिने?” डेलिया म्हणाली. “सांगितलंस तर चर्चचं छप्पर कोसळेल.”

अ‍ॅटीचा चांगला असलेला डोळा मिश्कीलपणे बारीक झाला. पण निघताना मारिसेलने डेलियाला दाराबाहेर घेतलं, आणि तिचा चेहरा बदलला होता.

“डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येणार. आठवडा म्हणा, महिना म्हणा. त्यानंतर ओळखतील की नाही, सांगता येत नाही. तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्या.”

“आमचं रोजच बोलणं होतं की.”

“तसलं नाही म्हणत मी,” मारिसेल म्हणाली.

मंगळवारी डेलियाने खुर्ची पलंगासमोर बरोबर चार फुटांवर ठेवली. मारिसेलला म्हणाली, दार लावून घे. दार लावायची काहीच गरज नव्हती. जे बोलायचं ते आवाजाशिवायच बोलायचं होतं आणि ते वाचू शकणारं तिसरं माणूस आता गावात जिवंत नव्हतं.

“अ‍ॅटी,” ती ओठांनी म्हणाली, “गिरणी बंद होणार हे मला आधीच कळलं होतं.”

अ‍ॅटी बघत राहिली.

“लॉडरच्या तोंडावर वाचलं. ऑनोराचं पत्र तू मला सांगितलंस ना, त्याच्या दोन दिवस आधी. मला माहीत होतं की मार्चला कुलूप लागणार, आणि तरी मी तुला म्हटलं, जाऊ नकोस. तुझं आयुष्य मी नासवलं. लोकांच्या चादरी बदलण्यात गेलं ते माझ्यामुळे. बावन्न वर्षं सांगीन सांगीन म्हणतेय.”

एकदा सुटलं ते सगळं सुटलं. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.  अ‍ॅटीच्या अर्ध्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, ते डेलियाला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं नाही.

मग अ‍ॅटीने डोळे मिटले.

झोपेने मिटतात तसे नाही. घट्ट, गिरणीतल्यासारखे.

बुधवारी डोळे मिटलेले, गुरुवारीही मिटलेले. शुक्रवारी डेलियाने सोबत संत्री नेली, अ‍ॅटीला आवडणारं केळ्याचं गोड नेलं. काही उपयोग झाला नाही. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्यापर्यंत जायला वाटच उरत नाही. डेलिया तासभर त्या पापण्यांकडे बघत बसायची आणि उठून यायची.

“झोपलेली असते का गं दिवसभर?” तिने मारिसेलला विचारलं.

मारिसेल तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “नाही हो. तुम्ही येईपर्यंत जाग्या असतात. तुम्ही चढावर दिसलात की डोळे मिटतात.”

शनिवारी सकाळी दहाला डेलिया सवयीने फडकं घेऊन आपल्या खिडकीशी उभी राहिली. समोरच्या हॉटेलची वरची काच धुळीने आंधळी झाली होती. साठ-सत्तर वर्षांत एवढी घाण काच डेलियाने त्या रस्त्यावर पाहिली नव्हती. तिने आपली काच पुसली, पुन्हा पुसली, आणि मग फडकं खाली टाकून पलंगावर बसली. आज जायचंच नाही, तिने ठरवलं. माणसाला काही मान आहे की नाही? आणि अ‍ॅटीने दिलेली शिक्षा मुकाट भोगायची की रोज तिथे जाऊन तिला त्रास द्यायचा?

दुपारी दोनला पाय घराबाहेर पडलेच. पण चढाकडे न वळता ते नदीकडे वळले.

गिरणीच्या भिंतीला खिंडार पडलं आहे, तिथून आत जाता येतं. डेलिया बारा-पंधरा वर्षांत आत गेली नव्हती. फरशीतून झाडं वर आलेली, माग केव्हाच भंगारात गेलेले. पण जमिनीत माग पक्के करायचे लोखंडी बोल्ट अजून होते, आणि ते मोजत मोजत ती आपल्या जागेवर बरोबर जाऊन उभी राहिली. चौथी रांग, खिडकीपासून तिसरा. समोर अ‍ॅटीची जागा. तिथे एल्डरचं एक रानझाड उगवलं होतं.

ती गिरणीबद्दल कधी गोड बोलली नव्हती. लोकरीचा भुसा छातीत जायचा, तेलाचा वास केसांतून निघायचा नाही, हिवाळ्यात बोटं फुटायची. ज्यांनी तिथे एक दिवस काम केलं नाही तेच आता त्या गिरणीबद्दल हळवे होऊन बोलतात. डेलियाला गिरणी नको होती. तिला मान वळवली की समोर अ‍ॅटी हवी होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, डोक्याला रुमाल बांधलेली, गालात हसत मुकादमाची नक्कल करणारी अ‍ॅटी. तिथे उभी राहून ती मोठ्याने रडली. स्वतःचं रडणं तिला ऐकू आलं नाही, पण घशाला कळत होतं.

मग नाक पुसून ती चढाला लागली.

खोलीत अ‍ॅटी डोळे मिटून पडली होती. डेलियाने खुर्ची चार फुटांवर ठेवली नाही. पलंगाला अगदी खेटून ठेवली आणि बसली.

थोड्या वेळाने अ‍ॅटीचा डावा हात पांघरुणाबाहेर आला. तो हवेत चाचपडायला लागला. डेलियाला वाटलं, पाणी हवंय. तिने पेला पुढे केला. हाताने पेला बाजूला सारला. तो वर आला, डेलियाच्या हनुवटीला लागला, तिथून सरकला आणि त्याची दोन बोटं डेलियाच्या ओठांवर येऊन टेकली.

 शेवटचं असं त्या गिरणीच्या अंधारात झालं होतं.

अ‍ॅटीने डोळे उघडले नाहीत. तिचे अर्धे ओठ हलले. “सांग. का?”

यासाठी डेलियाकडे पुष्कळ उत्तरं तयार होती. त्यातलं एकही त्या बोटांखाली टिकेना.

“तू गेली असतीस,” ती म्हणाली, “तर मी कुणाशी बोलले असते?”

बोटं तशीच राहिली. मग अ‍ॅटी म्हणाली, एकेक शब्द ओढत, “पत्रात दोन माग होते.”

“काय?”

“दोन माग रिकामे. समोरासमोर. ऑनोराने मुकादमाला सांगून ठेवलं होतं, दोघी येतील. झोपायला खोलीसुद्धा बघितली होती, दोघींत एक.”

“हे मला कधी सांगितलंस तू?”

“तेव्हाच. तू ‘नको जाऊस’ म्हणालीस, मी म्हटलं, एकटी नाही गं भवाने, तू पण चल. दोन माग आहेत, येतेस का?” अ‍ॅटी दमून थांबली. “आणि तू खाली वाकलीस.”

“मी धोट्याकडे—”

“बोट वर केलं नाहीस.”

डेलियाचे ओठ त्या बोटांखाली उघडेच राहिले. बोट वर केलं नव्हतं. खोटं लपवायच्या घाईत ती वाकली होती आणि बोट वर करायचं राहून गेलं होतं. तिच्या डोक्यावरून अ‍ॅटीचा प्रश्न गेला होता, आणि अ‍ॅटीने तिच्या वाकलेल्या मानेत त्याचं उत्तर वाचलं होतं.

“मला वाटलं, पाहिलंस आणि तोंड फिरवलंस,” अ‍ॅटी म्हणाली. “हिला माझ्याबरोबर यायचं नाही. मग एकटी जाऊन तरी काय करू? म्हणून नाही गेले. आणि पुन्हा काही विचारलं नाही. एकदा नाही म्हणालीस ते पुरे झालं.”

“अ‍ॅटी, मी पाहिलंच नव्हतं. देवाशपथ पाहिलं नव्हतं.”

“मंगळवारी कळलं ते.” अ‍ॅटीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि वाकड्या गालावरून उशीत गेलं. “तू तुझं पाप सांगत होतीस, आणि मला कळत होतं की हिला ठाऊकच नाही. चार दिवस मी हिशोब लावतेय, कुणावर रागवावं. सापडत नाही.”

डेलियाला एकेक दिसायला लागलं. शनिवारची बोट. दोन पेट्या. समोरासमोर दोन माग, मध्ये गल्ली. कोण जाणे, ती गिरणीही पुढे बंदच पडली असती, सगळ्याच पडल्या. मार्टिन नसता, मुलं नसती, त्यांच्यावाचून आपण कोण असतो हेही तिला कळेना. पण चाळीस वर्षं मधला रस्ता नसता, एवढं नक्की. तिने अ‍ॅटीचं मनगट धरलं आणि बोटं आपल्या ओठांवर घट्ट दाबली.

“विचार,” ती म्हणाली. “आता विचार. मी बघतेय.”

अ‍ॅटीने डोळे उघडले. लाल, थकलेले, पण तेच.  मग तिचे अर्धे ओठ हलले.

“यॉर्कशरला येतेस का?”

डेलियाचे डोळे भरून समोरचं सगळं अंधूक झालं होतं. तरी ते पुसायला तिने मान हलवली नाही.

“येते,” ती म्हणाली.

“बावन्न वर्षं लागली तुला एवढं बोलायला,” अ‍ॅटी म्हणाली. “पेटी भरायला किती घेशील?”

तेवढ्यात दार उघडलं आणि मारिसेल चहाचा ट्रे घेऊन आत आली. ती काहीतरी विचारत होती, आणि ते वाचायचं तर डेलियाला तिच्याकडे वळून बघावं लागणार होतं. वळण्याआधी तिने अ‍ॅटीसमोर एक बोट वर केलं.